तालुक्याच्या गावातील तंत्र महाविद्यालय म्हणजे चार वर्षे फुकट?

कानसवाला :
'भाच्याला तालुक्याच्या गावातील छोटे अभियांत्रिकी महाविद्यालय मिळत आहे, पण तेथे चार वर्षे फुकट घालवण्यापेक्षा पुण्यातील कोणतेही महाविद्यालय बरे,' असे 'पेठेतला मामा' यांनी काल येथे लिहिले. त्यातला 'कोणतेही' हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला. मी अशाच एका महाविद्यालयातून यंत्र शाखेची पदवी घेतली. गावात एक बसस्थानक, दोन खाणावळी आणि बुधवारचा बाजार होता. संध्याकाळी सहानंतर कार्यशाळेखेरीज जायला जागा नव्हती, आणि निदेशक आवारातच राहत असल्यामुळे ती उघडी असे. पहिल्या वर्षी फिटिंगचा, म्हणजे दोन लोखंडी तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवण्याचा, 'व्ही' जोड केला तेव्हा त्यांनी माझे दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून ट्यूबलाइटसमोर धरले, फटीतून केसाएवढा उजेड दिसला आणि ते मुकाट्याने माझ्या हातात परत आले. असे चार वेळा झाले. आज चाकणला मुलाखती घेताना मी उमेदवारापुढे व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, ठेवतो. त्याची शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावर ते शून्य दाखवते की नाही, हे न पाहताच माप सांगणारे बहुतेक जण पुण्यातले असतात.

पेठेतला मामा :
आपल्या केसाएवढ्या उजेडाने डोळे पाणावले, परंतु भाच्याला नोकरी करायची आहे, कानस मारायची नाही. ज्या शहरात 1854 पासून अभियंते घडत आहेत, ते सोडून त्याने बुधवारच्या बाजारात काय शिकायचे? 1983 मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट करून दिली आणि साखर कारखान्यांच्या शेजारी अभियंत्यांचे कारखाने उभे राहिले. शेजाऱ्यांचा मुलगा अशाच एका ठिकाणी होता. एका सत्रात तिघे प्राध्यापक सोडून गेले आणि गणित शिकवायला आदल्या वर्षीच उत्तीर्ण झालेला विद्यार्थी उभा राहिला. कंपन्या तिकडे फिरकत नाहीत. पूल कॅम्पससाठी, म्हणजे अनेक महाविद्यालयांच्या एकत्रित नोकरभरतीसाठी, मुलांनाच बसमध्ये कोंबून पुण्याला आणतात.

निवृत्त मास्तर :
इतिहास काढलाच आहे तर पुरता काढावा. सांगलीचे वालचंद 1947 चे, कराडचे शासकीय महाविद्यालय 1960 चे. त्यांचा साखरसम्राटांशी काय संबंध? ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या पुढे गेल्यावर लागणारे लोणेरे हे खेडेच आहे, पण 1989 च्या कायद्याने तेथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आले आणि आज पुणे जिल्ह्यातील काही महाविद्यालयेही त्यालाच संलग्न आहेत. म्हणजे आपला भाचा पुण्यात राहून खोलीभाडे भरेल आणि पदवी मात्र लोणेऱ्याची घेईल, असेही घडू शकते. शिवाय शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. कलबाग यांनी 1983 मध्येच विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत तंत्र शिकवले.

पेठेतला मामा :
पाबळबद्दल आदर आहे, पण तेथे बी. टेक. मिळत नाही. विषयाला धरून बोलावे.

कॉट बेसिस :
विषयाला धरूनच सांगते. माझे शिक्षण पुण्यातल्या त्या 'कोणत्याही' महाविद्यालयात झाले आणि चार वर्षे मी कर्वेनगरात एका खोलीत चौघींबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचे भाडे भरून, काढली. कार्यशाळेत एका लेथभोवती आम्ही 9 जण उभे राहत असू. चाक फिरवायचा एक आणि उरलेल्या 8 जणांनी पाठमोरा माणूस पाहायचा. फिटिंगचा जॉब, म्हणजे परीक्षेसाठी घडवायचा लोखंडी तुकडा, तर बाहेर तयार मिळत असे.

पेठेतला मामा :
हा सरळसरळ बदनामीचा प्रकार आहे. पुरावा काय?

कॉट बेसिस :
पुरावा मीच आहे. साडेतीनशे रुपयांना मी तो घेतला. आदल्या वर्षीच्या मुलाचा हजेरी क्रमांक घासून त्यावर माझा ठोकला होता, तरी जुना 7 खालून डोकावत होता. बाह्य परीक्षकांनी त्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि 25 पैकी 21 गुण दिले. पट्टीवर मेहनत दिसते, म्हणाले.

संगणकी :
जॉब कोठून आणला यावर इतकी शाई कशाला? संगणक शाखेच्या मुलाने लेथला हार घालायचा का? आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात भारनियमनामुळे दुपारी प्रयोगशाळा बंद असे आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला लागत असे. कानसवाल्यांची कार्यशाळा रात्री उघडी होती ती मुलांसाठी. माझ्या वर्गातील मुलींनी तिचे दार दिवसाउजेडीच पाहिले.

कानसवाला :
फाटकाची गोष्ट मला कधी सुचलीही नव्हती, हे नाइलाजाने मान्य करतो. आमच्या तुकडीतील तिघी नेहमी लवकर जात, एवढेच आठवते. आम्ही त्यांना आळशी म्हणत असू. नोकरीचेही मामांनी लिहिले ते खोटे नाही. पदवीनंतर तीन महिने मी भोसरीत कारखान्यांच्या फाटकांवर प्रमाणपत्रांची फाइल घेऊन उभा राहिलो आणि पहारेकऱ्याला मराठीत सांगितलेले आतल्या साहेबाला इंग्रजीत सांगता न आल्यामुळे दोनदा परतलो. पण अखेर एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाने बोलण्याऐवजी लेथच पुढे केला. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब केंद्रात धरायला मला दोन मिनिटे लागली आणि दुपारी कामावर घेतले.

पेठेतला मामा :
अभिनंदन. आता भाचाही म्हणतो की, त्याला यंत्र शाखाच हवी आणि कॉट बेसिसचे भाडे ऐकून त्याची आईही डळमळू लागली आहे. तेव्हा आपले म्हणणे पटले आहे असे कृपया समजू नये. शनिवारी आम्ही तिकडे जात आहोत. तेथे लेथ किती, त्यातील चालू किती आणि संध्याकाळी किल्ली कोणाकडे असते, एवढेच विचारणार आहे. मुलींना किती वाजेपर्यंत आत येऊ देतात, हेही विचारीन, कारण धाकटी भाची दोन वर्षांनी बारावीला आहे. कार्यशाळेला कुलूप दिसले, तर परतीच्या एसटीतूनच येथे लिहीन.