मदत हवी आहे: गाडीची बॅटरी दोन रात्रीत बसते, आता स्वतःच शोधायला शिकायचंय

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वैतागलोय म्हणून लिहितोय.

गाडी दोन रात्री उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक. मग शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर. शेजारी आता मला बघितलं की खिडकी लावून घेतो. बॅटरी नवीन आहे. तीन वायरमन झाले. पहिला म्हणाला डायनामो, दुसरा म्हणाला म्युझिक सिस्टीम. तिसऱ्याने दोन तास डॅशबोर्ड उघडून ठेवला, आठशे रुपये घेतले आणि "आता बघा" म्हणाला. बघितलं. परत बसली.

आता कुणाच्या दारात जायचं नाही, स्वतः शिकायचं असं ठरवलंय. मल्टिमीटर आणला, करंट मोजला, तर शून्य येतोय. म्हणजे लीक कुठेच नाही. मग बॅटरी बसते कशी? लवकर सांगा, सोमवारी रत्नागिरीला कामासाठी जायचंय.

---

पेठेतला पंतोजी | १०:५८

गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? कुठल्या सालची? बॅटरी किती अँपिअर-अवरची? 'नवीन' म्हणजे किती नवीन? मीटर कुठे आणि कसा लावला? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगता का हो?

रोज एक किमी | ११:०५

बॅटरी बदला. माझंही असंच होत होतं, बदलली, विषय संपला.

वाशिष्ठीकाठ | ११:११

@रोज एक किमी, वर 'नवीन' लिहिलंय. दोन वर्षांतली ही दुसरी आहे.

@पंतोजी, पेट्रोल हॅचबॅक, २०११. बॅटरी ३५ची. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच "आमची बघा, कधीच त्रास नाही" असे शंभर प्रतिसाद येतील. मीटर पिवळा, साधाच. बॅटरीच्या मायनसची केबल काढून मध्ये लावला. व्होल्ट बरोबर दाखवतो, त्यामुळे मीटर चांगला आहे.

चोवीस व्होल्ट | ११:३४

एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं वायरिंग केलं. आमच्या गाड्या २४ व्होल्टच्या, पण करंटला काय, तो दोन्हीकडे सारखाच चोर.

शून्य येतो हे खोटं आहे. कुठल्याही चालू गाडीत घड्याळ, लॉक, इंजिनचा संगणक थोडं थोडं खातातच. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. शून्य आला म्हणजे मीटर मेलाय. लाल वायर कुठल्या भोकात होती? व्होल्ट आणि मिलिअँपिअरच्या भोकात असेल, आणि तुम्ही तशातच दार उघडलं असेल. दिवा लागला, मीटरच्या आतला फ्यूज उडाला. व्होल्ट त्या फ्यूजमधून मोजत नाहीत, म्हणून ते बरोबरच येणार.

परीक्षा सोपी आहे. मीटर मध्ये लावलेला असताना दार उघडा. आतला दिवा लागला नाही तर मीटरमधून करंट जातच नाहीये. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, नॉबही १० वर फिरवा. आणि मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा धूर निघेल.

वाशिष्ठीकाठ | ११:५२

दिवा लागला नाही. 😐

रोज एक किमी | ११:५५

तरी सांगत होतो, बॅटरी.

स्कॅनरबहाद्दर | रविवार, सकाळी ७:२०

मीटरचा जमाना गेला. ब्लूटूथचा स्कॅनर घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाइलवर सगळे कोड. मी कायम लावूनच ठेवतो.

चोवीस व्होल्ट | ७:४८

कोड इंजिनचे आणि सेन्सरचे येतात. गालिच्याखाली वायर गळते याला कोड नसतो, भाऊ. आणि त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट प्लस असतो, चावी काढली तरी. कायम लावून ठेवला तर उद्या तुम्हीच असा धागा काढाल.

वाशिष्ठीकाठ, आता नीट करा. बॉनेट उघडं, चावी घरात ठेवा, खिशातसुद्धा नको. दार उघडं ठेवून त्याच्या कडेचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय. मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. आतले संगणक लगेच झोपत नाहीत. लोक पहिल्याच मिनिटाला एक अँपिअर बघतात आणि निम्मी गाडी खोलतात. तुमचा तिसरा वायरमन बहुधा त्यातलाच.

उत्तरेकडची थंडी | ८:३०

जर्मनीतून. इथे सर्किट डायग्रामवर टर्मिनलचे नंबर छापलेले असतात, ते तुमच्याही गाडीत बहुधा चालतील: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, ३१ म्हणजे अर्थ. रिलेवरचे (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ८५-८६ कॉइलचे, ३० आणि ८७ मधला स्विच. शिकायचंच असेल तर हे चार-पाच आकडे आधी पाठ करा, मग कुठलाही डायग्राम उलगडतो. तुमचा चोर ३०वर आहे, कारण चावी काढल्यावर १५ मेलेलाच असतो. चालूच राहिलेला रिलेसुद्धा असू शकतो. १२ व्होल्टची कॉइल साधारण ८०-१०० ओहमची असते, म्हणजे रात्रभर सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर.

बाहेरून काय काय बसवलंय? फॉग लँप, जीपीएस?

वाशिष्ठीकाठ | ९:०२

फक्त म्युझिक सिस्टीम. आणि रिव्हर्स कॅमेरा. आणि हो, हॉर्न बदललेत.

पेठेतला पंतोजी | ९:१०

'फक्त'.

शिवाय सर्वांनी कृपया 'डायनामो' म्हणणं बंद करावं. डायनामो डीसी देत असे, त्याला कटआउट (उलटा करंट तोडणारा स्विच) लागे. २०११च्या गाडीत अल्टरनेटर असतो, तो एसी तयार करतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात.

चोवीस व्होल्ट | ९:२५

बरं, अल्टरनेटर. आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणायचे आणि गाड्या तरीही पंढरपूरला पोचायच्या. पण पंतोजींनी डायोड काढलाच आहे तर सांगतो: त्यातला एखादा गळायला लागला तर उभ्या गाडीतही करंट उलटा जातो. फ्यूज कितीही काढा, आकडा हलत नाही. तसं झालं तर आधी बॅटरीचा मायनस सोडायचा, मग अल्टरनेटरची जाड तार सोडून टेप गुंडाळायची, आणि पुन्हा मोजायचं.

शेवंती | ९:४०

उंदीर बघितलेत का? आमच्या गाडीची वायर दोनदा कुरतडली. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवली, तेव्हापासून नाही. जाता जाता, माझ्या दुचाकीचा हॉर्न पावसात घोगरा होतो, ते का?

रोज एक किमी | ९:४४

तंबाखू नाही, डांबरगोळ्या.

शेवंती | ९:४९

डांबरगोळ्यांचा वास एसीतून आत येतो. मुलीला उलट्या झाल्या.

जुनी बुलेट | १०:०३

पूर्वी बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअरमीटरच असायचा. काटा मायनसकडे झुकला की कळायचं काहीतरी खातंय. आता गाडीत गाणी आहेत, काटा नाही.

वाशिष्ठीकाठ | ११:३०

उंदीर नाहीत. पाऊण तास थांबलो. ०.३८ अँपिअर!! मीटर १० वर आहे, दिवाही लागतो.

चोवीस व्होल्ट | ११:४१

शाब्बास. आता गणित करा. ०.३८ गुणिले ४८ तास म्हणजे अठरा अँपिअर-अवर. ३५च्या बॅटरीतली निम्मी गेली. त्यात ती सारखी अशी उपाशी राहिलेली, म्हणून सेल्फला काही उरत नाही. आता एकेक फ्यूज काढा, कुठे आकडा पडतो बघा.

उत्तरेकडची थंडी | ११:५०

फ्यूज काढू नका! काढून परत घातला की झोपलेले संगणक जागे होतात, पुन्हा पाऊण तास. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून टेकवा. करंट वाहत असेल तरच आकडा येतो. १० अँपिअरच्या फ्यूजवर तुमच्या ०.३८ला दोन-तीन मिलिव्होल्ट यायला हवेत. ज्यावर ०.० तो निर्दोष.

चोवीस व्होल्ट | ११:५८

आम्ही तीस वर्षं फ्यूज काढूनच शोधलं.

उत्तरेकडची थंडी | १२:०१

काका, एसटीला झोपणारे संगणक नव्हते, झोपणारे कंडक्टर होते.

चोवीस व्होल्ट | १२:०६

हे मात्र खरं. करा हो त्यांच्या पद्धतीने. मीटर आता मोकळा लागेल, तर आधी मायनसची केबल परत लावा आणि गाडीला पुन्हा झोपू द्या. लाल वायर व्होल्टच्या भोकात परत आणायला विसरू नका. १० च्या भोकात ठेवून टेकवलीत तर आकडा खोटा येईल, आणि चुकून एक टोक बॉडीला लागलं तर सरळ शॉर्ट. आणि पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे.

वाशिष्ठीकाठ | दुपारी २:१५

सगळीकडे ०.०, एकावर २.७. झाकणावरच्या चित्रात तो आतला दिवा आणि दारांच्या लॉकचा आहे. म्युझिकचा नाही. दुसऱ्या वायरमनला हे दाखवायला जावं का?

उत्तरेकडची थंडी | २:२२

त्या फ्यूजवरून वायर कुठे जाते? बहुतेक गाड्यांत दाराच्या खालच्या पट्टीतून, गालिच्याच्या कडेने. आत कधी पाणी गेलं होतं का? सनरूफ, काचेचं रबर, एसीचा ड्रेन?

वाशिष्ठीकाठ | २:३०

नाही. म्हणजे पुराचंच काय ते.

पेठेतला पंतोजी | २:३१

कसला पूर??

वाशिष्ठीकाठ | २:३८

अहो, चिपळूणचा आहे, नावावरून कळतंय की. २२ जुलै २०२१. गाडी दारातच होती, सीटच्या वरपर्यंत पाणी. गावातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या, त्यात वेगळं काय सांगायचं? सीटा काढून धुतल्या, वाळवल्या, विम्यातून इंजिनचं काम झालं. त्यानंतर चांगली चालली की.

चोवीस व्होल्ट | २:५०

देवा. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

पूर म्हणजे नुसतं पाणी नाही, गाळ. कनेक्टरमध्ये शिरतो, वाळतो, आणि पावसाळ्यात दमट झाला की पुन्हा जिवंत होतो. प्लसच्या आणि अर्थच्या पिनमध्ये हिरवट साय धरते आणि तिच्यातून करंट झिरपतो. तांबं वायरच्या रबराखालीसुद्धा हिरवं होत जातं, बाहेरून वायर नवीकोरी दिसते. म्हणून त्रास कित्येक महिन्यांनी सुरू होतो. ड्रायव्हरकडची पट्टी काढा, गालिचा उचला.

स्कॅनरबहाद्दर | ३:०५

बुडालेली गाडी विकून टाकायची असते.

शेवंती | ३:०९

विकायला गिऱ्हाईक लागतं. माझ्या हॉर्नचं कुणी सांगेल का?

वाशिष्ठीकाठ | संध्याकाळी ६:४०

सापडला! गालिच्याखालचा फोम वरून कोरडा, खालून दमट, बोटभर गाळ. त्यात पांढरा कनेक्टर, आतून मोरचुदासारखा निळा-हिरवा. मायनस सोडून मग तो ओढून काढला. परत मोजलं, ०.०३. गरम पाणी, खायचा सोडा आणि टूथब्रशने घासला, केसांच्या मशीनने वाळवला (बायकोला माहीत नाही). पण घासताना एक पिन हातात आली. आता वायर सोल्डर करू का?

चोवीस व्होल्ट | ६:५२

हिरवं संपून लाल तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा. मग सोल्डर आणि वर स्लीव्ह.

उत्तरेकडची थंडी | ६:५५

सोल्डर नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने तुटते. क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी वायरवर पकडीने दाबून बसवा, आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) घाला.

चोवीस व्होल्ट | ७:०१

नीट आधार देऊन बांधलं तर तुटत नाही. माझे सांधे अजून धावतायत. आणि रविवारी संध्याकाळी चिपळुणात क्रिंपिंगची पक्कड कुठून आणणार ते?

शेवंतीताई, हॉर्नचं तोंड वर असेल, पाणी साठतं. खाली फिरवा, आणि मागचा अर्थचा बोल्ट घासून लावा.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी १२:२०

काल दोघांचंही ऐकलं नाही. कनेक्टर सोडलेलाच ठेवला, टोकं टेपने गुंडाळली, बॅटरी रात्री बाहेरून चार्ज केली. सकाळी १२.५ व्होल्ट, सेल्फ एका झटक्यात. लॉक चालत नाहीत, म्हणून दारं हाताने लावली. मागचं डावं राहिलंच होतं, ते हातखंब्याला चहाला थांबल्यावर कळलं. कनेक्टर रत्नागिरीत शोधतोय. आठ पिनांचा आहे, फोटो टाकतो.