जठराच्या कर्करोगात ‘एमएसआय-हाय’ अहवाल आल्यास शस्त्रक्रियेनंतरची केमो घ्यावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

आम्ही देवगड तालुक्यात राहतो. माझ्या आईच्या (वय ६८) जठराच्या खालच्या भागात कर्करोगाची गाठ निघाली आणि गेल्या महिन्यात कोल्हापूरला शस्त्रक्रिया करून जठराचा बराचसा भाग काढावा लागला. जखम चांगली भरली आहे. पेज आणि गुरगुट्या भात ती थोडा थोडा करून दिवसातून सहा वेळा घेते. आता प्रश्न पुढच्या केमोचा आहे आणि दोन आठवड्यांत निर्णय घ्यायचा असल्याने सविस्तर लिहीत आहे.

अहवालानुसार गाठ इंटेस्टाइनल (सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या पेशींसारखी दिसणाऱ्या) प्रकारची असून टी३, म्हणजे जठराच्या भिंतीत खोलवर गेलेली आहे. तपासलेल्या २१ लसिकाग्रंथींपैकी २ ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या, म्हणजे एन१, एकूण टप्पा २-बी. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत. हर-२ या प्रथिनाची चाचणी ‘२+’ म्हणजे अनिर्णित आली आहे. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी प्रथिने गाठीच्या पेशींत आढळली नाहीत, एमएसएच२ आणि एमएसएच६ मात्र आहेत, आणि त्यावरून ‘एमएसआय-हाय (म्हणजे ही दुरुस्ती बंद पडून डीएनएमध्ये चुका साचलेली गाठ) असण्याची शक्यता’ असा शेरा दिला आहे.

डॉक्टरांनी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लाटिनचे सलाइन, अशी आठ चक्रे सुचवली आहेत. एमएसआयविषयी विचारले तेव्हा ‘ते चांगले लक्षण आहे’ एवढेच ते म्हणाले. बाहेर रुग्णांची रांग होती आणि मलाही नेमके काय विचारावे ते तेव्हा सुचले नाही.

घरी येऊन वाचायला सुरुवात केली. २०१४ साली अमेरिकेतील कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने २९५ गाठींचा अभ्यास करून जठराच्या कर्करोगाचे चार रेणवीय प्रकार मांडले, त्यांपैकी एमएसआय हा एक, आणि पुढच्याच वर्षी आशियाई रुग्णांच्या गाठींवरून केलेल्या वर्गीकरणात याच प्रकाराचे भवितव्य चारही प्रकारांत सर्वांत चांगले आढळले, हे वाचून धीर आला. त्यानंतर २०१९ चा एक एकत्रित अभ्यास वाचनात आला. त्यात चार चाचण्यांतील १५५६ रुग्ण होते आणि त्यांपैकी १२१ जण एमएसआय-हाय होते. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण एमएसआय-हाय गटात ७७.५ टक्के, तर इतरांत ५९.३ टक्के होते. मात्र शस्त्रक्रियेला केमोची जोड दिल्याचा जो लाभ इतर रुग्णांना झाला, तो एमएसआय-हाय रुग्णांत दिसला नाही, असाही त्यात निष्कर्ष आहे. येथे माझे मन अडकले आहे.

आठ चक्रे म्हणजे ऐन पावसाळ्यात आठ वेळा फोंडा घाट चढणे आणि उतरणे. तेही आम्ही आनंदाने करू. परंतु ऑक्झॅलिप्लाटिनमुळे हातापायांना मुंग्या येतात आणि त्या कधीकधी कायमच्या राहतात, असे कळले. दर मे महिन्यात रातांबे फोडण्यापासून आगळ भरण्यापर्यंतचे सगळे काम आई आजवर स्वतःच्या हातांनी करत आली आहे. ज्या औषधाचा तिला लाभच होणार नसेल, त्यासाठी ती बोटे पणाला लावावीत का, आणि केमो टाळली व रोग उलटला तर स्वतःला काय उत्तर देणार, या दोन विचारांत मी सापडले आहे. हर-२ चे काय करायचे आणि दुसरे मत कोठे घ्यावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे; उपचार ठरवण्याचा अधिकार तुमच्या डॉक्टरांचाच, तरी अहवाल कसा वाचावा एवढे सांगते.

रोग पुढे कसा वागेल हे सांगणारी खूण वेगळी आणि एखादे औषध लागू पडेल का हे सांगणारी खूण वेगळी. जठराच्या कर्करोगात हर-२ चे महत्त्व मुख्यतः दुसऱ्या अर्थाने आहे. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा लाभ पसरलेल्या रोगात सिद्ध झाला आहे, शस्त्रक्रियेने पूर्ण काढलेल्या रोगात नाही. त्यामुळे ‘२+’ नंतरची फिश चाचणी (हर-२ जनुकाच्या जादा प्रती आहेत का हे पाहणारी) आज झाली नाही तरी आजचा निर्णय अडत नाही. गरज पडली तर ती त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावर, पुढेही करता येते.

एमएसआय दोन्ही अर्थांनी बोलते. पेशीची डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडली की चुका साचतात, त्यांतून विचित्र प्रथिने तयार होतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींना परके म्हणून ओळखू लागते. भवितव्य बरे असण्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. तुम्ही वाचलेला निष्कर्षही खरा आहे, मात्र १२१ ही संख्या लहान आहे आणि ती विभागणी मूळ चाचण्या आखताना केलेली नव्हती. दोन ग्रंथींत रोग होता, हेही विसरून चालणार नाही. म्हणून केमो नकोच असे मी म्हणणार नाही. परंतु हा प्रश्न ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे निरनिराळ्या कर्करोगतज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीपुढे, मांडण्याइतका रास्त आहे आणि तो विचारताना संकोच करू नका.

आधी पीसीआर या डीएनए चाचणीने एमएसआयची खात्री करून घ्या. ब्लॉक मूळ प्रयोगशाळेतून क्रमांकासह मागून घ्या आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, कारण ते मेणाचे असतात. दुसऱ्या मतासाठी टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे; कागदपत्रे घरूनच पाठवता येतात, आईंना मुंबईचा प्रवास घडत नाही.

आणखी एक. एमएलएच१ नाहीसे होण्याचे कारण बहुतेक वेळा त्या जनुकावरचे मिथिलेशन, म्हणजे जनुक बंद पाडणारा रासायनिक बदल, असते आणि ते वारशाने येत नाही. मिथिलेशन आढळले नाही, तर मात्र लिंच सिंड्रोमचा, म्हणजे काही कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, विचार करावा लागतो. घरात कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का?

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. ब्लॉक आणण्यासाठी दादा शनिवारी कोल्हापूरला जात आहे आणि ट्यूमर बोर्डाविषयी डॉक्टरांना विचारायचे आम्ही ठरवले आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाने मात्र मी बराच वेळ थांबले. माझ्या मावशीला ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध असू शकेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. अशा स्थितीत मिथिलेशनच्या अहवालाची वाट पाहावी, की आईची रक्ताची जनुकीय तपासणी त्याबरोबरच करून घ्यावी? आम्हा भावंडांची आणि मावसबहिणींची तपासणी आईचा अहवाल आल्यावरच करायची असते का?