वर्गातला स्क्रीन कमी केला तेव्हा काय झालं? तुमचे अनुभव लिहा

माझी मुलगी सहावीला आहे, आम्ही कोल्हापुरातच राहतो. जूनमध्ये वह्यांना कव्हर घालताना मागच्या वर्षीची विज्ञानाची वही हातात आली, तर निम्मी पानं कोरी. वर्गात मोठ्या पॅनेलवर व्हिडिओ लागायचा आणि नोट्सची पीडीएफ ग्रुपवर यायची, ती मी डाउनलोड करायची आणि पोरगी उघडायची पण नाही. शिक्षकांवर माझा राग नाही, त्यांना पण वरून सांगितलेलं असतं. पण ज्यांच्या वर्गात हे कमी झालंय त्यांनी नेमकं काय केलं, पहिले आठवडे कसे गेले ते कळायला हवंय. नुसती मतं नकोत, घडलेलं लिहा. शाळेचं नाव नको.

खडूवाला मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो, गाव पंचगंगेकाठचं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर दिला होता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात वर्गात छातीएवढं पाणी आलं, प्रोजेक्टर, स्पीकर, सगळं गेलं. भिंती वाळेपर्यंत पोरं देवळात बसायची, एक फळा तेवढा वाचलेला. मला खरंच वाटलेलं की आता पोरं मागं पडणार.

दशांश अपूर्णांक शिकवायचा होता आणि हाताशी काहीच नव्हतं. मग पोरांना सुतळी दिली आणि म्हटलं, आपापल्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण जिथवर आहे तिथवर मोजून आणा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात गाठ मारलेली सुतळी. ती पट्टीवर मोजली, सेंटिमीटरचे मीटर केले, फळ्यावर उतरत्या क्रमानं लिहिलं. १.७ मोठा का १.६५ मोठा यावरनं दोघांची चांगलीच जुंपली, तर एकानं दोन्ही सुतळ्या शेजारी शेजारी धरूनच दाखवलं. आदल्या वर्षी हाच घटक मी ॲनिमेशननं शिकवला होता, पोरं तेव्हा खूश होती, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यातला हत्ती आठवायचा, चिन्ह कुठं द्यायचं ते नाही.

आता नवीन टीव्ही आलाय. आठवड्यातनं एकदाच लावतो. ज्वालामुखी, समुद्राचा तळ, जे आमच्या पोरांना गावात दाखवता येत नाही तेवढंच.

पेठेतली पोरगी
मी नववीत आहे. आमच्याकडं टॅब होते, बाईंची पाठ फिरली की सगळे दुसरंच काहीतरी उघडायचे, मी पण उघडायचो, खोटं कशाला सांगू. यंदा टॅब बंद झाले. पहिले दोन आठवडे लिहून लिहून अंगठा असला दुखायचा की आईला तेल लावायला लावलं. माझं अक्षर मलाच वाचता येत नव्हतं. पण दहावीला मराठीचा ८० मार्कांचा पेपर ३ तासांत हातानंच लिहायचाय की, तिथं कोण टॅब देणारे? आता लिहिताना पुढचं वाक्य आपोआप सुचतंय, टाइप करताना तसं व्हायचं नाही. हे माझ्यापुरतं सांगतोय.

राजारामपुरीतला बाबा
माझं नातं सांगली जिल्ह्याशी, म्हणजे बायकोचं माहेर कडेगाव तालुक्यात, तिथं मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. ते बघून आम्ही अपार्टमेंटमधल्या सहा घरांनी तसंच सुरू केलं आणि आठ दिवसांत गाडी अडली, कारण शाळेचा होमवर्कचा मेसेज साडेसातला यायचा! मोबाईल बंद ठेवावा तर अभ्यास कळत नाही, आणि चालू केला की पोरगा तासभर त्यातच. मग आम्ही पालक मिळून बाईंना भेटलो, भांडायला नाही, विचारायला. तर त्याच म्हणाल्या की मला पण घरी स्वयंपाक सोडून ते टाइप करायला लागतंय हो. आता होमवर्क शेवटच्या तासाला फळ्यावर लिहितात, पोरं डायरीत उतरवतात. ग्रुपवर फक्त पावसाची सुट्टी वगैरे. पोरगा दोनदा डायरी विसरला, दोनदा ओरडा खाल्ला, आता विसरत नाही.

उचगावची आई
एक विनंती करते. माझ्या मुलाला नजर खूप कमी आहे. टॅबवर अक्षर मोठं करून तो वाचायचा. शाळेनं एका दिवसात सगळ्यांचे टॅब कपाटात टाकले, त्यात त्याचा पण गेला. पंधरा दिवस तो वर्गात नुसता बसून होता आणि घरी काही बोलला नाही. मला मैत्रिणीच्या मुलीकडनं कळलं. मी गेले, समजावलं, दुसऱ्या दिवशी मिळाला. बंद करा, जरूर करा, पण यादी करताना आधी अशी पोरं बघा.

निवृत्त बाई
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मीच दारोदार फिरून पालकांना म्हणत होते, कसंही करून मुलांना मोबाईल घ्या. एका आईनं कानातलं मोडलं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, पण शाळा उघडल्यावर ‘आता ठेवून द्या’ असं सांगायला आम्ही कुणी त्या दारांवर परत गेलो नाही, ते मला अजून लागतं.

निवृत्तीआधी शेवटच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तर एक सदस्य म्हणाले, पुढारलेल्या देशांत सगळं स्क्रीनवर चालतं. मी उठून सांगितलं की २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारनंच छापील पुस्तकांसाठी पैसे काढले, नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून वर्गात मोबाईल नाही, आणि युनेस्कोचा २०२३ चा अहवालही हेच विचारतो की तंत्रज्ञान नक्की कुणाच्या सोयीसाठी आणताय. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि आपण त्याच कोल्हापुरात पाचवीच्या होमवर्कसाठी महिन्याचा रिचार्ज मागतोय. ठराव झाला नाही. पण दोन वर्गशिक्षिकांनी त्याच आठवड्यात आपणहून रोज अर्धा तास वाचन सुरू केलं, आणि पुस्तकं कमी पडली म्हणून घरून आणली.

धागाकर्ती
सगळं मुलीला वाचून दाखवलं. उचगावच्या ताई, तुमचा मुद्दा पालकसभेत सगळ्यात आधी मांडते. मास्तर, आमच्या मागच्या गल्लीत २०२१ च्या पुराची खूण एका भिंतीवर अजून आहे म्हणे, रविवारी सुतळी घेऊन जातोय. नायलॉनची दोरी चालेल का?

खडूवाला मास्तर
नको, ती ताणली की लांबते आणि माप चुकतंय. सुतळीच घ्या. आणि खूण पोरीलाच शोधू दे, तुम्ही बोट दाखवू नका.