होड्यांच्या जागा अडून पडल्यात, नियम कसे करावेत?

प्रश्न: आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या २४ जागा आहेत, प्रतीक्षायादीत ११ जण. सात-आठ होड्या दोन वर्षांत पाण्यात उतरलेल्या नाहीत, काहींचा मालकही कळत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी मोजणी. होडीला आणि ट्रॉलीला (होडी ज्यावर ठेवतात त्या चाकांच्या गाड्याला) वेगवेगळे क्रमांक द्या, कारण ट्रॉल्यांची अदलाबदल हमखास होते. करार वर्षाचाच ठेवा. सदस्यत्व, जागाभाडं आणि विमा यांची कागदपत्रं एकाच तारखेला मागा. बेवारस होडी परस्पर विकू नका. होडीवर नोटीस चिकटवा, शेवटच्या पत्त्यावरही पाठवा. विक्रीचा अधिकार करारात लिहिलेला नसेल, तर आधी वकिलाला विचारा.

उत्तर २: वापराची अट घाला: हंगामात किमान ६ फेऱ्या, नोंदवहीप्रमाणे. दुरुस्तीतल्या होडीला मात्र एक हंगाम सूट हवीच.

उत्तर ३: होडी ठेवायची पद्धतही नियमात लिहा. नाळ (होडीचं पुढचं टोक) थोडी उंच, पाणी काढायचं मागचं बूच उघडं. १०० लिटर पाणी साचलं की ट्रॉलीच्या टेकूंवर १०० किलो जादा भार येतो आणि होडीचं फायबर तिथेच दबतं. दोर दोन्ही बाजूंनी जमिनीतल्या कड्यांना बांधा. नुसती ट्रॉलीला बांधलेली होडी वादळात ट्रॉलीसकट उलटते, शेजारचीही डोलकाठी मोडते.