थापटण्याने कफ नेमका कसा सुटतो?

पाठीवर जितके जोरात थापटावे तितका कफ लवकर सुटतो, असे काही जण म्हणतात. त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. हे काम जोराने नव्हे, हाताच्या आकाराने होते. बोटे जुळवून तळवा खोलगट ठेवला की हात आणि छाती यांच्यामध्ये हवा अडकते व तिच्या धक्क्याने श्वासनलिकेच्या भिंतीला चिकटलेला कफ सैल होतो. म्हणूनच आवाज पोकळ यायला हवा, चापटीसारखा नव्हे. पातळ कपड्यावरून, मनगट सैल सोडून, एका स्थितीत ३ ते ५ मिनिटे थापटणे सहसा पुरेसे असते. पाठीचा कणा, छातीचे मधले हाड, स्तन आणि मूत्रपिंडांचा भाग मात्र कटाक्षाने टाळावा.

सैल झालेला कफ बाहेर येण्यासाठी, तो साचलेला भाग वरच्या बाजूस राहील असे रुग्णाला झोपवावे लागते. त्यानंतर फक्त उच्छ्वासाच्या वेळी तळहातांनी कंप द्यावा आणि शेवटी, आरशावर वाफ धरताना सोडतो तसा, तोंड उघडे ठेवून जोरकस उच्छ्वास करवून घ्यावा (माझ्या मते नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात). जेवणानंतर दीड-दोन तास हे करू नये.

बरगडी मोडलेली असल्यास, हाडे ठिसूळ असल्यास किंवा थुंकीतून रक्त पडत असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय थापटू नये. ब्राँकायक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे) यासारख्या, कफ सतत साचणाऱ्या आजारांत हे उपचार उपयोगी पडतात. साध्या न्यूमोनियात ते सरसकट करण्याची गरज नसते.