लोडवर फ्युएल प्रेशर ४ पर्यंत उतरतंय, लिफ्ट पंप गेला की गेज फसवतंय?

जुनंडिझेल:
मंडळी, २००१ ची रॅम २५०० पिकअप आहे, ५.९ कमिन्स २४ व्हॉल्व्ह, व्हीपी४४ इंजेक्शन पंपवाली (हा इंजिनात डिझेल मारणारा मुख्य पंप, त्याला टाकीतून डिझेल पुरवतो तो लिफ्ट पंप). या गाडीत फ्युएल प्रेशर दाखवणारं कंपनीचं काहीच नसतं म्हणून इलेक्ट्रिक गेज बसवलं आणि तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. आयडलला १३ पीएसआय, मोकळी गाडी हायवेला १० च्या आसपास, आणि मागे ट्रेलर असताना चढाला पाय दाबला की काटा हळूहळू ४ वर येतो आणि पाय काढला की तितक्याच हळू वर जातो. आयडलला काटा थोडा थरथरतो पण. गंमत म्हणजे गाडी एकदम मस्त चालतेय, धूर नाही, ओढ कमी नाही, चेक इंजिन लाइट नाही, कोड नाही. सगळीकडे वाचतो की आयडलला १० आणि फुल लोडला ५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. मग ४ म्हणजे पंप बदलायचाच का? की गाडी चांगली पळतेय तर उगाच खर्चात पडू नये?

घाटचढ:
"गाडी मस्त चालतेय" यावर अजिबात जाऊ नका राव, या पंपात तोच सापळा आहे. व्हीपी४४ च्या पोटात स्वतःचा व्हेन पंप असतो, लिफ्ट पंपाने हात वर केले तरी तो ओढून ओढून काम भागवतो आणि तुम्हाला सीटवर काही कळत नाही. पण त्या पंपाला डिझेल फक्त जाळायला लागत नाही, त्याचं वंगण तेच आणि थंड करणारंही तेच. त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा डबा आहे तो पण त्याच डिझेलवर थंड राहतो. जास्तीचं डिझेल उष्णता घेऊन परत टाकीत जातं, आणि त्या रिटर्नचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडतो १४ पीएसआयच्या आसपास. म्हणून १०-५ हा आकडा मी "याच्या खाली धोका" असा धरतो, "इथपर्यंत चालेल" असा नाही. पी०२१६ कोड (इंजेक्शन टायमिंग बिघडल्याचा) येईपर्यंत थांबलात तर तोवर आतला टायमिंग पिस्टनचा भाग घासलेला असतो, मग इंजेक्शन पंपच बदलायचा आणि तो लिफ्ट पंपाच्या कितीतरी पट महाग.

पण म्हणून लगेच पंप मागवू नका. आधी हे सांगा, गेजचा सेंडर (प्रेशर मोजणारा सेन्सर) नक्की कुठे लावलाय? फिल्टरच्या आधी की नंतर? त्यावर सगळं आहे.

जुनंडिझेल:
फिल्टरच्या नंतर, व्हीपी४४ ला लाइन जाते तिथे. सेंडर डायरेक्ट फिटिंगमध्येच पिळलाय, मध्ये एक छोटा नीडल व्हॉल्व्ह (वाट कमी-जास्त अरुंद करणारा) आहे.

स्पॅनरवाला:
जागा बरोबर आहे, इंजेक्शन पंपाला खरंच काय मिळतंय तेच बघायचं असतं. पण सेंडर इंजिनवरच कडक बसवलाय ते बदला. एक तर व्हायब्रेशन आणि दुसरं म्हणजे व्हीपी४४ लाइनमध्ये उलटे धक्के मारतो, नळ खाडकन बंद केला की पाइप जसा दणका देतो तसे, त्याने सेंडर मरतात. फूट-दोन फूट होज टाकून सेंडर बाजूला बॉडीवर बसवा. आयडलला थरथर तीच, त्याची काळजी करू नका.

दुसरं, तुमचा नीडल व्हॉल्व्ह फार आवळलाय असं वाटतंय. काटा "हळूहळू" उतरतो आणि "हळूहळू" चढतो म्हणालात ना? प्रेशर इतकं सावकाश नाही हलत. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असेल तर गेज मागून मागून चालतं, म्हणजे चढ छोटा असेल तर गेजला खरा तळ दिसायच्या आधीच तुम्ही पाय काढलेला असतो. तुमचे ४ कदाचित २ असतील. जरा सैल करा, काट्याची थरथर नुकती दिसायला लागेल इतका, आणि परत बघा.

आणि कोणी मेकॅनिकल गेज घेत असेल तर डिझेलची लाइन केबिनमध्ये आणू नका कृपया. मध्ये आयसोलेटर (डिझेल अडवून नुसता दाब पुढे देणारा) लावा, म्हणजे गेजकडच्या नळीत अँटीफ्रीझ राहतं.

घाटचढ:
हो, बरोबर. आता पंप की बाकी काही ते शोधायचं. प्रेशर कमी म्हणजे पंप खराब असं नसतं, पंप धडधाकट असून उपाशी असू शकतो. क्रमाने बघा:

फिल्टरच्या आधी पण एक टेस्ट पोर्ट आहे, तिथे तात्पुरतं गेज लावा. आधी आणि नंतर यात ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर फिल्टर चोंदलाय, विषय संपला. दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर अडचण पंपात किंवा पंपाच्या मागे टाकीकडे. मग पंपाच्या प्लगवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजा, बॅटरीवर दिसतात त्याच्या जवळपास हवेत, एखाद-दोन व्होल्ट गायब असतील तर पिनांना हिरवा गंज धरलाय का बघा.

शेवटी कॅनची टेस्ट, माझी सगळ्यात आवडती. पंपाची सक्शन लाइन काढून तिथे आखूड होज लावायची आणि ती स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडायची. स्टार्टरला नुसता टिचका मारून किल्ली ऑनवर सोडली की इंजिन चालू न होता लिफ्ट पंप साधारण २५ सेकंद चालतो, त्यात हवा निघून जाते. मग इंजिन चालू करून रेस द्या. कॅनवर प्रेशर सुधारलं तर पंपाला दोष देऊ नका, टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी अडलंय. या मॉडेलात पंप टाकीपासून लांब, इंजिन ब्लॉकला बसवलेला आहे, आणि असले पंप ढकलायला तगडे, ओढायला कच्चे. कंपनीनेच पुढे २००५ पासून तो टाकीत नेला.

नवाड्रायव्हर:
मध्येच विचारतो, माझी २००६ ची कॉमन रेल ५.९ आहे, स्कॅनरवर फ्युएल प्रेशर दिसतंच की, हजारोंमध्ये. मग वेगळं गेज कशाला?

स्पॅनरवाला:
ते रेल प्रेशर आहे भाऊ, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाइपातलं, सीपी३ या हाय प्रेशर पंपाच्या पुढचं, २३००० पीएसआयपर्यंत जाणारं. लिफ्ट पंप त्याच्या मागे, १०-१५ च्या दुनियेत. लिफ्ट पंप दमत असताना सीपी३ स्वतः ओढून रेलचा आकडा बराच वेळ सांभाळतो, त्यामुळे स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं यात फरक दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि एका इंजिनाचे आकडे दुसऱ्याला लावू नका, फोर्डच्या ६.० पॉवरस्ट्रोकला ४५ च्या खाली गेलं की इंजेक्टरला धोका म्हणतात, आणि २०१६ पर्यंतच्या ड्युरामॅक्स पिकअपला कंपनीचा लिफ्ट पंपच नाही, तिथे फिल्टरपाशी प्रेशर नाही तर व्हॅक्युम मोजायचा.

जुनंडिझेल:
अपडेट. नीडल व्हॉल्व्ह सैल केला आणि खरंच, त्याच चढाला काटा झटकन २ वर आला. फिल्टरच्या आधी-नंतर फरक जेमतेम १, व्होल्टेज ठीक. कॅनवर आयडलला १५ आणि रेस दिली तरी हलेना! म्हणजे पंप बरा आहे. बेड उचलून टाकीतलं मॉड्यूल (डिझेल उचलणारा भाग) काढलं तर खालच्या गाळणीवर काळा बुळबुळीत थर, बोटाने ओरबाडला तर शेवाळासारखा सोलून आला आणि वास पण घाण. टाकी धुतली, गाळणी बदलली, रबरी होज पण नवीन टाकली कारण जुनी दाबली की चपटीच राहत होती. आता आयडलला १५, ट्रेलर लावून चढाला ११. बायोसाइड (डिझेलमधले जंतू मारणारं औषध) टाकू का?

घाटचढ:
टाका, पण आधी टाकीत पाणी का येतंय ते शोधा, ही घाण डिझेल आणि पाण्याच्या सीमेवरच वाढते. झाकणाचं सील बघा आणि वॉटर सेपरेटरचा ड्रेन रोज उघडा काही दिवस. बायोसाइडने जे मरतं ते लाइनमधून सुटून फिल्टरवर येऊन बसतं, त्यामुळे पुढच्या एक-दोन टाक्यांमध्ये प्रेशर परत उतरेल, तेव्हा घाबरून पंप मागवू नका. गाडीत दोन फिल्टर आणि हाउसिंगच्या झाकणाचा पाना ठेवा, लोडवर ८ च्या खाली दिसलं की बाजूला घेऊन फिल्टर बदला.

जुनंडिझेल:
ओके, फिल्टर आजच मागवतो. गेजला लो प्रेशरचा वॉर्निंग दिवा जोडता येतो असं दिसतंय मॅन्युअलमध्ये, तो ८ ला सेट करतो मग, चढाला सारखं काट्याकडे बघत गाडी चालवणं काही खरं नाही.