असेसमेंट, इव्हॅल्युएशन आणि इन्स्पेक्शन एकाच वाक्यात आले तर?

दौतटाक
इंग्लंडमधल्या शाळा-तपासणीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांवरचा एक लेख मराठीत करते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. हे लोक म्हणे असेसमेंट, इव्हॅल्युएशन आणि इन्स्पेक्शन या तिन्हींत काम करतात. पहिल्या दोहोंना मी 'मूल्यमापन' लिहून गाडी पुढे रेटली होती. संपादकांनी दोन्हीकडे काट मारून 'मूल्यांकन' केलं आणि समासात लिहिलं, 'मूल्यमापन जुने झाले'. डी.एड.ला याच शब्दावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. तो जुना कधी झाला? शिवाय दोघांना एक शब्द चालायचाच नाही. ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या, संघटनेच्या २०१३च्या अहवालात वाटणी अशी आहे: विद्यार्थ्याचं ते असेसमेंट, शिक्षक-मुख्याध्यापकांचं ते अप्रेझल, शाळेचं किंवा अख्ख्या व्यवस्थेचं ते इव्हॅल्युएशन. माझा लेखकही तीच धरून चालतो. वेगवेगळे शब्द सुचवा, प्लीज.

सातबारा
असेसमेंट म्हणजे आकारणी. तलाठ्याला विचारा, ग्रामसेवकाला विचारा. शब्द तयार असताना नवा कशाला पाडायचा?

खडूफळा
@सातबारा, हसू येईल, पण हे आमच्याकडे घडून गेलंय. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात 'आकारिक' (शिकता शिकता वर्षभर चालणारं) आणि 'संकलित' (सत्राच्या शेवटचं) हे दोन शब्द. पालकसभेत मी तासभर आकारिक मूल्यमापन समजावून सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "गुरुजी, ही आकारणी वर्षाची एकदम भरायची का हप्त्यानं?"

निरुक्तवेडा
सातबारा यांनी थट्टेत लिहिलं असेल, पण ते बरोबर आहेत. शिक्षणातली मंडळी कार्यशाळांमधून सांगत असतात की असेस हे लॅटिन 'शेजारी बसणे' यावरून आलं, म्हणजे मुलाच्या शेजारी मायेनं बसायचं. बसायचं खरं, पण न्यायाधीशाच्या शेजारी, आणि ते कर ठरवण्यासाठी! इंग्रजीतही हा शब्द आधी करवसुलीचा, शाळेत तो फार उशिरा शिरला. तेव्हा आकारणीच.

दौतटाक
'विद्यार्थ्यांची आकारणी' असं मी लिहिलं तर संपादक मला फोन करतील.

शुद्धमती
मूळ दुखणं कुणी बोलत नाहीये. 'मूल्यांकन' हिंदीतून आलंय. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या नावातलं 'मूल्यांकन आणि प्रत्यायन' तसंच. आपण मापतो, ते आंकतात. मराठीत मूल्यमापनच हवं.

खडूफळा
आणि 'अंकन' म्हटलं की अंक आले, मार्क आले. मार्कांच्या मागे लागू नका म्हणून तर एवढा खटाटोप केला होता.

निरुक्तवेडा
अंकन म्हणजे खूण करणे, आकडा घालणे नव्हे. रेखांकन म्हणताना कुणाला मार्क आठवतात? उलट आकड्यांचा वास 'मापना'लाच येतो. बी.एड.च्या वह्यांत हेच तर असतं: मापन म्हणजे नुसता आकडा, त्यावर निर्णय दिला की मूल्यमापन. ४० मार्क पडले हे मापन, आणि 'भागाकार पुन्हा शिकवायला हवा' हे मूल्यमापन.

जाता जाता: शाळकरी मुलांना किती येतं ते बघणाऱ्या केंद्राच्या 'परख' सर्वेक्षणाला मराठी कागदांतही परखच म्हणतात. आपल्याकडे 'पारख' होतीच की. परीक्षा आणि पारख मुळात एकच, एक शाळेत गेली आणि एक सराफाच्या पेढीवर बसली.

शुद्धमती
इन्स्पेक्शनला मात्र स्वच्छ मराठी 'तपासणी' आहे, ती तरी राहू द्या.

निरुक्तवेडा
तपास हा अरबी 'तफह्हुस'वरून आलाय. साहेब ज्यात लिहितात त्या शेरेबुकातला शेराही अरबी 'शर्ह', आणि बुक इंग्रजी. स्वच्छ काय उरलं ते सांगा.

शुद्धमती
मग 'पर्यवेक्षण' घ्या. पर्यवेक्षक सावरकरांनी रुळवला.

निवृत्त गुरुजी
पर्यवेक्षक आमच्या हायस्कुलात ऑफ तास भरायला मास्तर शोधत फिरायचे. तपासायला यायचे ते दिपोटी. डेप्युटी इन्स्पेक्टरचं दिपोटी झालं आणि पद गेलं तरी गावात शब्द राहिला. पुढे विस्तार अधिकारी आले, केंद्रप्रमुख आले, पण माझी आई शेवटपर्यंत "दिपोटी आला व्हता का?" असंच विचारायची. आदल्या दिवशी पोरांची नखं बघायची, अंगणात सडा, कुंड्यांना गेरू. शेरा ठरलेला: 'शाळेस भेट दिली. पट ४२, हजर ३९. कामकाज समाधानकारक.'

माळरान
गुरुजी, आमच्या शाळेतल्या गैरहजर तिघांतला मी एक. तपासणीच्या दिवशी वाचता न येणाऱ्यांना "उद्या येऊ नका रे" असं आदल्या संध्याकाळी सांगायचे. आम्ही शेळ्या घेऊन ओढ्याकडे. तिथून शाळेचं छप्पर दिसायचं, साहेबांची मोटारसायकल दिसायची. ती गेली की आम्ही मधल्या सुट्टीच्या खाऊला हजर. तेव्हा तपासणी म्हणा, निरीक्षण म्हणा, मला दोन्ही शब्दांत शेळ्याच दिसतात.

खडूफळा
'समाधानकारक'वरून आठवलं. इंग्लंडमध्ये शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडच्या श्रेण्यांत 'सॅटिस्फॅक्टरी' होती. २०१२मध्ये ती काढून त्याच जागी 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' आणली. म्हणजे काल समाधान होतं, आज सुधारणा पाहिजे. सप्टेंबर २०२४पासून तर अख्ख्या शाळेला एका शब्दात तोलणंच बंद केलं. दौतटाक, तुमच्या लेखात हे असणारच. 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट'ला काय केलंत?

दौतटाक
'सुधारणा आवश्यक'.

खडूफळा
छे! 'सुधारणेस वाव आहे'. प्रगतिपुस्तकावर पिढ्यान्‌पिढ्या हेच आहे.

दौतटाक
पण 'वाव आहे'त मास्तरांची माया आहे. मूळ शब्दानं मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या धोक्यात यायच्या. 'वाव'नं कुणाची झोप उडते?

माळरान
माझ्या बापाची उडायची.

खडूफळा
आता तेही राहिलं नाही. वर्णनात्मक नोंदी तयार छापून मिळतात. भाची वर्गात अखंड बडबड करते, तिच्या नोंदवहीत 'स्वतःचे विचार निर्भीडपणे मांडते'.

सातबारा
आणि गुणवत्तेच्या नव्या आराखड्यात 'अॅश्युरन्स'चं मराठी 'आश्वासन' केलंय म्हणे. गुणवत्तेचं आश्वासन. रस्त्याचं असतं तसं.

दौतटाक
मंडळी, असेसमेंट आणि इव्हॅल्युएशन? उद्या फाईल द्यायची आहे.

निवृत्त गुरुजी
@माळरान, शाळा कुठली तुमची? ओढ्यापलीकडे वडाचं झाड होतं का?